मांजराची साखर आणि स्वयंपाकघरातला काटा

खडकवासल्याच्या गावठाणात मांजराचं जुनं काम अजून संपलेलं नाही. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर आहेत, धरणाच्या चौपाटीवर तळलेल्या मासळीचे काटे पडतात, आणि या दोन्हींच्या मागावर दिवसभर हिंडणारी सडपातळ मांजरं आहेत. तिथून सिंहगड रस्त्याने शहराकडे निघालं की किरकटवाडी, नांदेड, धायरी या एकेकाळच्या खेड्यांमधून उंच इमारतींची रांग लागते. तिथलं मांजर उंदीर न पाहताच म्हातारं होतं. खिडकीला जाळी असते, नसबंदी झालेली असते आणि ओट्याखाली ड्राय फूडची वाटी असते. ती अर्धी दिसली की येता-जाता कोणीतरी भरतं. जून २०२१ मध्ये खडकवासला आणि आसपासची गावं पुणे महापालिकेत आली, तेव्हा मांजरांच्या या दोन्ही तऱ्हा एकाच कारभाराखाली आल्या. यातल्या दुसऱ्या तऱ्हेच्या मांजरांमध्ये लठ्ठपणा वाढतो आणि त्याच्या पाठोपाठ मधुमेह येतो. हा आजार मांजराच्या आळसाचा नाही की कुठल्या एका अन्नघटकाचाही नाही. घरात अन्न मोजलं जात नाही आणि मांजराचं वजन कोणी करत नाही, म्हणून तो वाढतो. म्हणूनच तो बहुतांशी टाळता येतो, आणि लवकर हेरला तर पुष्कळदा परतवताही येतो. या विषयावर गेल्या चार दशकांत जमलेला पुरावा याच दिशेला बोट दाखवतो.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं, पण स्नायू आणि चरबी त्याला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त राबतं आणि कालांतराने थकतं. हे साम्य वरवरचं नाही. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीत आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडात साचणारा चिकट पदार्थ तपासला. तो दोन्हीकडे एकाच प्रथिनापासून बनल्याचं त्यांना आढळलं. हे प्रथिन म्हणजे आज आपण ज्याला अमायलिन म्हणतो ते. प्रयोगशाळेतल्या उंदरात अमायलिन असतं, पण ते असं साचत नाही. म्हणजे या एका बाबतीत मांजर उंदरापेक्षा आपल्या जास्त जवळचं आहे. लठ्ठपणाचा वाटा किती, तेही मोजलेलं आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लठ्ठ मांजरांना मधुमेह होण्याची शक्यता नेमक्या बांध्याच्या मांजरांच्या जवळजवळ चौपट दिसली. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सोळा मांजरांना हवं तितकं खाऊ दिलं. दहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी ४४ टक्क्यांनी वाढलं आणि इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता निम्म्याहून कमी झाली. नंतरच्या एका अभ्यासाने याला आणखी नेमका आकडा दिला: वाढलेल्या प्रत्येक किलोमागे ही क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी घटते. चार किलोच्या मांजराला एक किलो म्हणजे शरीराचा चौथा हिस्सा. साठ किलोच्या माणसावर पंधरा किलो चढावेत, तेवढी ही भर आहे. आपल्याला मात्र मांजर ‘जरा बाळसं धरतंय’ एवढंच दिसतं.

चरबीचा हा भार मांजराला इतका जड का जातो, याचं उत्तर त्याच्या मांसाहारी घडणीत आहे. मांजर निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर नसतं, आतड्यातही ते बेताचंच असतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर झटपट उचलणारं ग्लुकोकायनेज हे यकृतातलं विकर त्याच्यात अगदी कमी काम करतं. उलट त्याचं यकृत प्रथिनांपासून सतत साखर बनवत राहतं, कारण निसर्गात त्याला ती जेवणातून मिळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहकाचं एक जनुकही त्याच्यात निकामी झालेलं आहे. उघड्यावर शिकार करून जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा हिशेब मांडला तर ऊर्जेतला सुमारे निम्मा भाग प्रथिनांतून आणि उरलेला जवळजवळ सगळा चरबीतून येतो. कर्बोदकांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास असतो. ड्राय फूडचा कुरकुरीत दाणा मात्र पिष्टाशिवाय बनतच नाही. यंत्रातून बाहेर पडताना त्याला फुलवून आकार देतं ते पिष्टच. त्यामुळे बहुतेक ड्राय फूडमध्ये ऊर्जेचा चौथा-तिसरा हिस्सा, काही वेळा त्याहून जास्त, कर्बोदकांतून येतो.

इथवर आलं की निष्कर्ष सोपा वाटतो: ड्राय फूड हाच गुन्हेगार. मांजरप्रेमींमध्ये हे मत पुष्कळ पसरलेलं आहे. पुरावा मात्र इतका सरळ नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही आणि निरोगी मांजरांची तुलना केली, तेव्हा आहारातल्या ड्राय फूडच्या प्रमाणाचा मधुमेहाशी संबंध दिसला नाही. घरात कोंडलेलं असणं आणि हालचाल कमी असणं यांचा संबंध मात्र दिसला. २०१७ मधल्या स्वीडिश अभ्यासातही घरातच राहणं, अधाशीपणे खाणं आणि जास्त वजन हे धोके पुढे आले. तिथे आणखी एक गोष्ट निघाली. ज्यांचं वजन नेमकं होतं अशा मांजरांमध्ये प्रामुख्याने ड्राय फूड खाणाऱ्यांना धोका जास्त होता. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर समजूतदार निष्कर्ष असा निघतो: जास्त वजन हा मोठा धोका, कोंडलेपण त्याला खतपाणी घालतं, आणि कर्बोदकांचा परिणाम असलाच तर तो या दोन्हींच्या मागे लपतो. ड्राय फूडचा खरा दोष त्याच्या पिष्टापेक्षा त्याच्या सोयीत आहे. ते दिवसभर वाटीत पडून राहिलं तरी खराब होत नाही, म्हणून ते दिवसभर वाटीत असतं. शिवाय शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी इतकं ते घट्ट असतं.

आता स्वयंपाकघरातला हिशेब करू. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी पुरतात. ड्राय फूडच्या भाषेत ते पन्नास-पंचावन्न ग्रॅम झाले. आपल्या आमटीच्या वाटीत शीग न लावताही जवळपास तेवढं मावतं. म्हणजे सकाळी भरलेली वाटी दुपारी ‘थोडीशी’ पुन्हा भरली की दिवसाचा हिशेब बिघडतो. रोजचे दहा ग्रॅम जास्त म्हणजे गरजेच्या पाचव्या हिश्श्याइतकं जास्त. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणं किती फसवं असतं, हे ब्रिटनमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये तपासलं. मापाच्या कपाने कोरडं अन्न मोजायला सांगितलं, तर लहान मापात ऐंशी टक्क्यांपर्यंत जास्त अन्न पडू शकतं, असं त्यांना दिसलं. ज्या घरांत पाकिटातलं खाणं येत नाही तिथेही सुटका नाही. आपल्याकडे मांजराला दूध-पोळी घालायची रीत जुनी आहे. म्हशीच्या दुधाची दीडशे मिलिची वाटी म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरी. त्यात अर्धी पोळी कुस्करली की दिवसाची सगळी ऊर्जा एका बैठकीत संपते, आणि मांजराला लागणारं प्रथिन मात्र पुरेसं मिळत नाही. मोठ्या मांजराला दुधातली साखर नीट पचतही नाही. गावठाणातलं मांजर हेच दूध प्यायचं, हे खरं; पण त्याला ते बशीभर मिळायचं, आणि उरलेलं पोट त्याला पत्र्यावर आणि वळचणीला धावून भरावं लागायचं. दूध तेच राहिलं आणि धावपळ गेली. शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराला आहारातूनच घ्यावं लागतं आणि ते प्राणिज अन्नात असतं. त्याच्या अभावी दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरात मांस शिजत नसेल तर टॉरिन घातलेलं तयार मांजरखाद्य मोजून द्यावं, दही-भातावर मांजर ठेवू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो नसबंदीवर. नसबंदीनंतर मांजर सुटतं, मग ती करावीच कशाला? नसबंदीनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते, हे खरं आहे. नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये मधुमेह जास्त दिसतो, हेही खरं. पण नसबंदी टाळली तर पिल्लांच्या वेतांमागून वेतं, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि त्यातून पसरणारे आजार वाढतात. वाटीतलं अन्न पाव हिश्श्याने कमी करणं यापेक्षा कितीतरी सोपं आहे. अडचण इतकीच की शस्त्रक्रियेच्या दिवशी टाके, मलम, गळ्यातली कॉलर यांबद्दल सगळं सांगितलं जातं आणि आहार कमी करण्याची सूचना राहून जाते. दुसरा आक्षेप दारावरचा. कोंडणं वाईट, तर मांजराला बाहेर सोडावं का? सिंहगड रस्त्याची वाहतूक, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या, रेबीज, आणि सिंहगडाच्या परिसरात असलेला बिबट्याचा वावर पाहता हा सल्ला देता येत नाही. धरणाच्या पाणवठ्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या बाजूनेही तो चुकीचा आहे. दार बंदच ठेवावं, पण मांजराला अन्नासाठी थोडं झटायला लावावं. दिवसाचं अन्न चार-पाच वाटण्यांत द्यावं, काही दाणे कपाटावर, काही खोक्यात, काही भोकं पाडलेल्या बाटलीत ठेवावेत. सुतळीच्या टोकाला चिंधी बांधून दिवसातून दोनदा दहा मिनिटं खेळवावं. तिसरा आक्षेप मालकावर येतो: माणूस आळशी म्हणून मांजर लठ्ठ. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्याला मधुमेह असेल तर मालकालाही तो होण्याची शक्यता वाढलेली दिसली. मांजर आणि मालक यांच्यात मात्र असा दुवा सापडला नाही. कुत्रा माणसाबरोबर फिरायला जातो, मांजर जात नाही. त्याचं नशीब वाटी आणि दार ठरवतात, म्हणून सुधारणाही तिथेच करावी लागेल.

‘आमचं मांजर लठ्ठ नाही’ हा चौथा आक्षेप, आणि तो सगळ्यात जास्त वेळा येतो. लठ्ठपणा नजरेने ठरवायचा नसतो, हाताने ठरवायचा असतो. पशुवैद्य मांजराच्या बांध्याला एक ते नऊ गुण देतात. पाच गुण म्हणजे नेमका बांधा, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण साधारण दहा टक्के जास्त वजन दाखवतो. तळहात बरगड्यांवरून अलगद फिरवला की त्या पातळ चादरीखाली असल्यासारख्या लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागल्या तर वजन जास्त आहे. वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र निरोगी मांजरालाही असते, तिला फसू नये. पुण्यात लोकप्रिय असलेल्या पर्शियन मांजरांचे केस हा सगळा आकार झाकून टाकतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हात फिरवण्याला पर्याय नाही. पुण्याला ही गोष्ट तशी नवी वाटू नये. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून दाखवून दिलं की भारतीय बाळ वजनाने कमी असलं तरी त्याच्यात चरबीचा वाटा जास्त असू शकतो. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का होतो, याची समज या शहरातूनच जगाला मिळाली. मांजराचं शरीर वेगळं, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा त्याला लावता येणार नाही. पण दिसण्यावर जाऊ नये एवढा धडा दोघांनाही लागू आहे. शिवाय मधुमेहाची कारणं फक्त लठ्ठपणात संपत नाहीत. खाजेसाठी किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी दिलेली दीर्घकाळ टिकणारी स्टिरॉइडची इंजेक्शनं साखर वाढवतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक आढळला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या बर्मीज जातीत मधुमेह वंशानेच जास्त आहे. म्हणून बारीक मांजराला मधुमेह झाला तर मालकाला दोष देऊन थांबू नये, कारण शोधावं.

आजार येतो तेव्हा त्याची चाहूल लिटर बॉक्समध्ये लागते. वाळूचे गोळे मोठे आणि जास्त होतात. पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं. भूक वाढते आणि तरीही वजन उतरू लागतं. घरच्यांना नेमका इथेच आनंद होतो: आहार न बदलता मांजर बारीक झालं! पुढच्या टप्प्यावर मागचे पाय अधू होतात. मांजर पंजाच्या टोकांवर चालायचं सोडून घोट्यापर्यंतचा भाग जमिनीला टेकवत चालतं, उडी चुकवतं. साखरेने मज्जातंतूंना पोचलेली ही इजा आहे. निदानातही एक सापळा आहे. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यात पिंजऱ्यातून काढेपर्यंतच वर जाते, मधुमेह नसतानाही. म्हणून एका वेळच्या रक्ततपासणीवर निदान करू नये. लघवीतली साखर पाहावी आणि फ्रुक्टोसामीनची तपासणी करावी. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. घरी कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त काढता येतं आणि बहुतेक मांजरं ते सहन करतात. मात्र माणसांसाठी बनवलेला ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचावा.

उपचारांत दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचा आहार ही जोडी आजही मुख्य आहे. २००९ मधल्या एका अभ्यासात ग्लार्जिन इन्सुलिन आणि घरच्या घरी काटेकोर तपासणी ही पद्धत निदानानंतर सहा महिन्यांच्या आत सुरू केली, तेव्हा ८४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. उशिरा सुरू केलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. हे मालक विशेष दक्ष होते, त्यामुळे प्रत्येक घरात इतकं यश मिळणार नाही. इतर पाहण्यांतले आकडे बरेच कमी-जास्त आहेत, आणि सुटलेला आजार काही मांजरांत उलटतोही. तरी लवकर आणि उशिरा यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे की ते दुर्लक्षित करता येत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचं द्रव औषध मंजूर झालं. सुईची भीती असलेल्यांना हा दिलासा आहे, पण रक्तात आम्ल साचण्याचा धोका असल्याने ही औषधं प्रत्येक मांजराला चालत नाहीत आणि त्यांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडे सुईबाबत आणखी एक खबरदारी लागते. भारतात माणसांच्या इन्सुलिनच्या कुप्या ४० युनिटच्याही मिळतात, ग्लार्जिन मात्र १०० युनिटचं असतं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. आजोबांच्या डब्यातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने मांजराचं ग्लार्जिन भरलं तर एका युनिटच्या खुणेवर अडीच युनिट जातात. एखाद-दुसऱ्या युनिटवर असलेल्या मांजराला ते जिवावर बेतू शकतं.

हे सगळं वाचून कोणी उत्साहाने मांजराला उपवास घडवेल, तर तो सगळ्यात मोठा धोका. लठ्ठ मांजराने काही दिवस खाणं सोडलं तर शरीरातली चरबी यकृतात लोटली जाते आणि ते निकामी होऊ लागतं. वजन आठवड्याला अर्धा ते दोन टक्के, शक्यतो एक टक्क्याच्या आसपास उतरावं. सहा किलोच्या मांजराला एक टक्का म्हणजे आठवड्याला साठ ग्रॅम. याचाच अर्थ सहा महिन्यांचा धीर हवा, आणि साठ ग्रॅम दाखवणारा काटाही. माणसाच्या वजनकाट्यावर मांजर कडेवर घेऊन वजाबाकी करण्याची युक्ती ढोबळ अंदाजापुरती ठीक, पण या कामाला बाळांचा काटा बरा. अन्नासाठी वाणसामान मोजायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. सकाळी दिवसभराचं अन्न एकदाच मोजून डब्यात काढायचं आणि घरातल्या प्रत्येकाने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा संपला की दिवस संपला. मांजर इन्सुलिनवर असेल तर मात्र आहारातला प्रत्येक बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण कर्बोदकं कमी होताच इन्सुलिनची गरजही झपाट्याने उतरते.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. रस्त्यावरची मांजरं उपाशी असताना सोसायटीतल्या लठ्ठ मांजरांची चिंता ही चैन नव्हे का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, पण दोन्हींचं मूळ एकच: मांजर आपल्या हिशेबात नाही. देशाच्या पशुगणनेत गायी-म्हशींपासून कुत्र्यांपर्यंत अनेक प्राणी मोजले जातात, मांजर मोजलं जात नाही. मधुमेही मांजर दिवसातून दोन वेळा सुई मागतं. आजार उशिरा कळला तर खर्चाने आणि धसक्याने हात टेकलेली घरं ते सोडून देतात, आणि रस्त्यावरच्या मांजरांत आणखी एकाची भर पडते. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक केली आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला मागितला. म्हणजे नोंदणी झालेलं प्रत्येक मांजर लशीच्या निमित्ताने पशुवैद्याच्या टेबलावर येणारच. त्या दाखल्यावर वजन आणि नऊपैकी बांध्याचा गुण या दोन नोंदी वाढवल्या, आणि नसबंदीच्या कागदावर ‘अन्न पाव हिश्श्याने कमी करा’ ही एक ओळ छापली, तर त्याला ना नवं यंत्र लागतं ना नवा विभाग. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही. अशा नोंदी साठत गेल्या तर या भागातल्या मांजरांबद्दल स्वीडन-नेदरलँड्सच्या आकड्यांवर विसंबून राहण्याची वेळ येणार नाही. तोवर प्रत्येक घराला करता येण्याजोगी गोष्ट एकच आहे: महिन्यातून एकदा मांजराचं वजन करून ते तारखेसह लिहून ठेवावं. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम वाढले तर अन्न कमी करावं. काही न करता दोनशे ग्रॅम उतरले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.